आजोबांच्या पेटीतली पट्टी : 'पुष्पक' विमानाचा माग कसा काढायचा?

वऱ्हाडी_वारा

नमस्कार मंडळी,

आईचे वडील मागच्या वर्षी गेले. आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो. विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात त्यांनी १९६२ पासून बावीस वर्षं ग्राउंड इंजिनिअर म्हणून काम केलं. परवा मामाने घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरची त्यांची लोखंडी पेटी खाली आली. आत फार काही नव्हतं. वीतभर लांबीची एक सुई निघाली, दाभणापेक्षाही मोठी. तळहाताएवढं एक कापड निघालं, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने विटकरी, आणि पापडासारखं कडक. एक वही. आणि एका फडक्यात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची पट्टी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी, चार कोपऱ्यांत चार भोकं. पट्टीवर इंग्रजीत 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड, बंगलोर' असं कोरलंय. खाली 'पुष्पक'. त्याखाली 'पीके' आणि तीन आकडे, पण त्यातला मधला आकडा घासून गेलाय.

वहीत एका नावाचा सतत उल्लेख आहे. 'रोमिओला आज ताप.' 'रोमिओचं उजवं पंख शिवून झालं.' 'रोमिओ जबलपूरहून परत, पाय दुखावला.' शेवटची नोंद : 'रोमिओचं इंजिन उतरवलं. धुऊन दिलं.' त्यापुढची पानं कोरी.

आजी सांगते, "ते यांचं विमान होतं. ते बंद झालं त्या दिवशी हा माणूस जेवला नाही." बाबाजींच्या मालकीची आयुष्यभरात एक सायकल आणि एक शिलाई मशीन, एवढंच. मग 'यांचं विमान' म्हणजे काय?

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे विमान नेमकं कोणतं होतं, ते कुठे गेलं, हे आज शोधता येईल का? आणि जुन्या विमानाचा मालक कोण होता हे कुठे लिहिलेलं असतं?

कातरवेळ

वाचनखूण साठवली. पट्टीचा फोटो टाका ना.

टेकडीवरचा

रोमिओ म्हणजे आर. विमानाच्या नोंदणीतलं शेवटचं अक्षर. रेडिओवर अक्षरं नीट कळावीत म्हणून ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, तसं आर म्हणजे रोमिओ. 'व्हीटी' ही भारतीय विमानांची अक्षरं. क्लबात सगळी विमानं 'व्हीटी-डी'ने सुरू होणारी, म्हणून शेवटच्या अक्षरावरूनच हाक मारतात. आजींना सांगा, हा रोमिओ कुणी ऐरागैरा नव्हता, भारत सरकारच्या दप्तरी नोंद असलेला होता :)

ग्राउंडक्रू६८

वारा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी याच धंद्यात छत्तीस वर्षं काढली. तुमच्या पेटीत जे आहे ते फार बोलकं आहे, एकेक सांगतो.

आधी पट्टी. 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' हे नाव १ ऑक्टोबर १९६४ ला संपलं. त्या दिवशी कंपनीचं विलीनीकरण होऊन 'हिंदुस्तान एरोनॉटिक्स' झालं. पुष्पकचं पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ चं. म्हणजे तुमचं विमान या सहा वर्षांतलं. दीडशेच्या वर पुष्पक बनले आणि बहुतेक फ्लाइंग क्लबांकडे गेले. 'पीके' हा कारखान्याचा अनुक्रमांक. नोंदणीची अक्षरं बदलू शकतात, पीके क्रमांक जन्मभर तोच राहतो.

आता कापड. पुष्पकचा सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा, पंखांत लाकडी स्पार, म्हणजे आडवे दांडे, आणि वरून सगळीकडे कापड. त्या कापडाला डोप लावतात. डोप म्हणजे एक प्रकारचं लाखेसारखं रसायन. वाळताना ते कापड आक्रसून घेतं. पहिले हात लाल डोपचे, म्हणून तुमचं कापड आतून विटकरी. वरचे हात ॲल्युमिनियमची पूड घातलेले. उन्हाने कापड कुजतं, ते या चंदेरी थराने अडतं. डोप नीट बसला की नाही हे आम्ही बोटाने टिचकी मारून बघायचो. हलगी शेकून ताणली की जसा टणत्कार येतो तसा आवाज यायला हवा. 'भद्द' आवाज आला की पुन्हा हात. हँगरमध्ये पिकलेल्या केळ्यांसारखा वास भरून राहायचा, घरी गेलं तरी अंगाला यायचा.

आणि ती सुई. पंखाच्या बरगडीला कापड शिवायला लागते. एक जण पंखाच्या वर, एक खाली, सुई आरपार. मेण लावलेला दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. बरगडीभर टाके समान अंतरावर पडलेच पाहिजेत, नाहीतर हवेत कापड फुगतं. तुमच्या आजोबांनी घरी शिलाई मशीन ठेवलं होतं, याचं मला नवल नाही वाटलं. कापडाचे पट्टे आधी मशीनवर जोडावे लागतात.

राहिला मालक. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. त्या काळात क्लबांकडची बरीचशी विमानं क्लबाची नसतच. नागरी विमान खात्याने ती क्लबांना वापरायला दिलेली असत. नोंदणीच्या दाखल्यावर मालक दिल्लीचा, चालवणारा क्लब, आणि पहाटे पाचला उठून पंखावरचं दव पुसणारा तुमच्या आजोबांसारखा माणूस.

सुलेखा_दि

ग्राउंडक्रू काका, काय सुरेख लिहिलंत. हलगीचं तर अगदी कानात वाजलं.

बंडू_बुलढाणेकर

एक शंका. आमच्या आज्जीच्या गोष्टीत पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहायची. हे बंगलोरवालं किती जणांचं?

प्रॉपवॉश

दोघांचं, शेजारी शेजारी. शिकवणारा आणि शिकणारा. पण तुमच्या आज्जीचं म्हणणं खोटं नाही, पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, दिवशी एक जागा रिकामी असतेच. माझ्या सोलोला १९८१ साली पुष्पकच होतं. इन्स्ट्रक्टर उतरले, पट्टा रिकाम्या सीटवर घट्ट बांधला आणि दार लावून घेतलं. त्यांचं ऐंशी किलोचं वजन गेल्यावर विमान धावपट्टीवरून इतकं लवकर उचललं गेलं की मी ओरडलोच. त्या रिकाम्या सीटकडे मी तीन वेळा पाहिलं.

अजून एक सांगतो, कारण आजच्या पोरांना हे पाहायला मिळत नाही. पुष्पकला कॉन्टिनेंटलचं ९० अश्वशक्तीचं इंजिन. स्टार्टर नाही, बॅटरी नाही. पंखा हाताने फिरवायचा. समोर उभा राहणारा मेकॅनिक ओरडणार, "स्विच ऑफ!" आतून आपण तेच परत म्हणायचं. मग तो चार-पाच वेळा पंखा सावकाश ओढून इंजिनात पेट्रोल भरून घेणार. चाकांपुढचे गुटके पक्के आहेत का बघणार. मग "काँटॅक्ट!" आपण स्विच टाकून "काँटॅक्ट!" म्हणायचं. तो उजवा पाय झोक्यासारखा पुढे फेकून, पात्याला खाली ओढून, त्याच झोक्यात मागे सरकणार. इंजिन धरलं की त्याच्या तोंडापासून दोन हातांवर पंखा गरगरत असतो. आमच्या क्लबातले मेकॅनिक त्या पात्याला हात लावण्याआधी दर वेळी अंगठी काढून खिशात ठेवायचे. वारा, तुमच्या आजोबांनी हे किती हजार वेळा केलं असेल.

नामदेव_गडहिंग्लज

धाग्यावर इतका वेळ पुष्पकची चर्चा चाललीय आणि अजून कुणी डॉ. घाटग्यांचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो.

पुष्पकच्या आरेखनामागे डॉ. विष्णू माधव घाटगे. १९०८ सालचा जन्म, आमच्या तालुक्यातलं हसूरचंपू हे त्यांचं गाव. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट, १९३६. हवेच्या प्रवाहाचं शास्त्र ज्या माणसाने उभं केलं त्याच्याकडे शिकलेला हा आमच्या मातीतला माणूस. परत येऊन बंगलोरच्या कारखान्यात लागले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ ला विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या हातून. मग एचटी-२, भारतात आरेखन होऊन कारखान्यातून रीतसर बाहेर पडलेलं पहिलं इंजिनाचं विमान. १९५१ च्या ऑगस्टात ते उडालं, कॅप्टन जमशेद मुन्शी चालवत होते. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या, घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. त्यानंतर पुष्पक, मग कृषक. १९६५ ला पद्मश्री मिळाली.

मी शाळेत शिकवतो. दर वर्षी सातवीच्या वर्गाला विचारतो, घाटगे कोण? एकही हात वर होत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिद्धेश्वर_पेठ

आणि ज्या कारखान्यात हे सगळं झालं तो काढला आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. डिसेंबर १९४०, म्हैसूर सरकारच्या साथीने. युद्ध पेटलेलं, इंग्रज सरकार उत्सुक नव्हतं, तरी माणसाने विमानाचा कारखाना उभा केला. १९४१ च्या ऑगस्टात तिथून पहिलं विमान जोडून बाहेर पडलं, हार्लो नावाचं छोटं अमेरिकन ट्रेनर. सरकारने नंतर कारखाना ताब्यात घेतला. म्हणजे मालकी बदलण्याची गोष्ट विमानापासून नाही, कारखान्यापासूनच सुरू होते.

गगनभरारी

या सगळ्याच्या आधी १८९५ ला आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं होतं. त्याबद्दल कुणीच का लिहीत नाही?

ग्राउंडक्रू६८

गगनभरारी, तळपद्यांच्या जिद्दीबद्दल आदर आहेच. पण ते विमान उडालं याचा त्या काळचा भक्कम पुरावा मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार दिला जातो त्याची १९७४ ला भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासणी केली. त्यातली विमानं उडण्यायोग्य नाहीत, असा निष्कर्ष निघाला. आणि ज्यांचं विमान खरोखर उडालं, हजारो मुलं ज्यावर शिकली, ते घाटगे याच महाराष्ट्राचे. अभिमान बाळगायला एवढं पुष्कळ आहे.

संपादक मंडळ

तळपदे या विषयावर स्वतंत्र धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे पुष्पकबद्दल बोलू या.

शॉर्टवेव्ह

'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', ही गुलामीची खूण आपण अजून विमानांवर मिरवतो, असं दर दोन वर्षांनी कुठेतरी छापून येतं. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेखातर रेडिओ संच चालवणारा, म्हणून सांगतो. देशांना अक्षरांचे गट आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत वाटून दिले गेले, वॉशिंग्टन, १९२७. भारताच्या वाट्याला व्हीटीपासून व्हीडब्ल्यूपर्यंतचा पट्टा आला. विमानांनी व्हीटी घेतलं, आम्हा हॅमवाल्यांना व्हीयू मिळालं. व्हीटी जर व्हाइसरॉयचं, तर व्हीयू, व्हीव्ही, व्हीडब्ल्यू कुणाचं? त्याआधी भारतातल्या विमानांवर जी-आय अशी अक्षरं असत.

वारा, आता मुद्द्याचं. तुमच्याकडे शेवटचं अक्षर आहे, पीकेचे दोन आकडे आहेत. जगभरात हौशी लोक जुन्या नोंदणीवह्या जुळवत बसलेले असतात. दोन आकड्यांवरून दहा विमानं उरतात, त्यातलं आर ने संपणारं एखादंच असेल.

अनघा_बेडफर्डशर

इंग्लंडात मी राहते तिथून वीस मिनिटांवर ओल्ड वॉर्डन नावाचं गवती धावपट्टीचं विमानतळ आहे. शटलवर्थ कलेक्शन हा जुन्या विमानांचा संग्रह तिथलाच. धाग्याचा प्रश्न 'जुनं विमान कुणाचं' हा आहे, म्हणून तिथल्या दोन विमानांबद्दल लिहिते.

एक आहे डी हॅविलँड मॉथ, जी-ईबीडब्ल्यूडी, १९२८ चं. रिचर्ड शटलवर्थ या तरुणाने ते १९३२ ला विकत घेतलं. तेव्हापासून ते तिथेच आहे, एकाच विमानतळावर इतका काळ राहिलेलं दुसरं विमान जगात नाही असं तिथे अभिमानाने सांगतात. रिचर्ड १९४० ला हवाई दलात असताना अपघातात गेला. एकुलता एक मुलगा. आईने १९४४ ला त्याच्या नावाने विश्वस्त निधी केला, त्याची विमानं आणि मोटारी विकल्या नाहीत. त्या मॉथचं इंजिन बदललंय, कापड कितीदा बदललं असेल. पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वारा पडला की ते उडतं आणि मैदानातली सगळी माणसं बोलायची थांबतात.

दुसरं तर थेट आपल्याकडचं. कॉम्पर स्विफ्ट, एका माणसाचं इवलंसं लाल विमान, सात सिलिंडरचं पॉबजॉय इंजिन. त्याचं पहिलं नाव व्हीटी-एडीओ! सिलचरच्या चहामळ्यातल्या अल्बन अली या माणसाने ते घेतलं आणि 'स्कार्लेट एंजल' असं नाव ठेवलं. १९३३ ला दिल्लीच्या व्हाइसरॉय करंडकाच्या शर्यतीत ते उतरलं. त्याच शर्यतीला स्वतः रिचर्ड शटलवर्थ इंग्लंडहून आपलं स्विफ्ट उडवत आला होता. पुढे अलींचं विमान इंग्लंडला गेलं, जी-एसीटीएफ झालं, आणि आज शटलवर्थच्याच हँगरमध्ये उभं आहे. मी पहिल्यांदा त्याच्या शेजारच्या पाटीवर 'सिलचर' वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कुठला चहामळा आणि कुठलं बेडफर्डशर.

त्या विमानाचा प्रत्येक मालक लिहिलेला आहे. आपल्या पुष्पकांचा का नसावा?

फडताळ

सगळं खरं, पण एक मूलभूत प्रश्न विचारतो. इंजिन बदललं, कापड बदललं, पंखाचं लाकूड बदललं, मग उरलं काय? तेच विमान आहे असं कशावरून म्हणायचं? माझ्या मते अशा विमानाला हात न लावता, आहे तसं संग्रहालयात ठेवावं. उडवण्याच्या हौसेपायी मूळ वस्तूच नाहीशी होते.

प्रॉपवॉश

फडताळराव, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. गावातल्या जुन्या देवळाचं शिखर पडलं की पुन्हा बांधतात, कळस नवा चढवतात, म्हणून देव बदलतो का? विमान कापडानिशी जन्माला येतं ते कापड बदलण्यासाठीच. इंग्लंडात टायगर मॉथ ही जुनी ट्रेनर विमानं आजही उडतात, आपल्या हवाई दलानेही एक टायगर मॉथ दुरुस्त करून २०१२ च्या वायुसेना दिनाला उडवलं होतं. ते पाहताना मला जे वाटलं ते काचेमागचं विमान पाहून कधीच वाटलं नाही.

ग्राउंडक्रू६८

दोघांचंही बरोबर आहे, पण धंद्याचा नियम सांगतो. विमानाची ओळख दोन गोष्टींत असते, पट्टी आणि लॉगबुकं. विमानाचं एक लॉगबुक, इंजिनाचं वेगळं, प्रवासाचं वेगळं. इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवलं की त्याचं लॉगबुक त्याच्यासोबत जातं, मुलीबरोबर तिचा पेटारा जावा तसं. त्यात कुठल्या विमानात किती तास चाललं, कुणी उतरवलं, कुणी बसवलं, सगळं सहीनिशी लिहिलेलं असतं. सही नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात.

म्हणून वारा, तुमच्या पेटीतली पट्टी ही आठवण तर आहेच, पण ती एका विमानाचा जन्मदाखलासुद्धा आहे.

कोकणी_कावळा

आमच्या वडिलांच्या ओळखीत एका ठिकाणी पुष्पकचे दोन सांगाडे वीस वर्षं पावसात पडून होते. एके दिवशी भंगारवाला आला आणि किलोवर घेऊन गेला. लॉगबुकं ऑफिसच्या सफाईत रद्दीत गेली. वडील धावत पोचले तोवर टेम्पो निघाला होता. त्यांना जमिनीवर पडलेला एक पट्ट्याचा बकल तेवढा मिळाला. सत्तरी ओलांडली तरी अजून ते त्या दिवसाबद्दल बोलताना थांबतात.

ॲड_मेधा

कायद्याच्या बाजूने थोडं. माणसाच्या नावावर विमान असू शकतं, क्लबाच्या, कंपनीच्या, सरकारच्याही. नोंदणीच्या दाखल्यावर मालक म्हणून ज्याचं नाव तो मालक. हे सगळं आधी १९३४ च्या एअरक्राफ्ट ॲक्टखाली चालत असे, आता २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. विमान विकलं, मोडीत काढलं की नोंदणी बदलते किंवा रद्द होते, आणि त्याची नोंद राहते. वारा, तुम्ही माहिती अधिकारात अर्ज करू शकता. प्रश्न नेमका विचारा : अमुक मालिकेतल्या, आर ने संपणाऱ्या पुष्पक विमानाची नोंदणी आणि रद्द झाल्याची तारीख.

पट्टीबद्दल माझं मत असं की ती कुठल्याही परिस्थितीत विकू नका. उद्या त्या विमानाचा सांगाडा कुठे सापडला तर पट्टी त्याच्याजवळ जायला हवी.

इंद्रायणीकाठ

मेधाताईंचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी विमान देखभाल शिकवणाऱ्या एका संस्थेत आहे, पुण्याजवळ. सेवेतून निवृत्त झालेली विमानं अशा संस्थांना मुलांच्या सरावासाठी मिळतात. आमच्या शेडमध्ये एक पुष्पक आहे. पंख उतरवून भिंतीला लावलेत, कापड कधीच गेलंय. इंजिन मात्र जागेवर आहे, मुलं ते उघडतात आणि परत जोडतात. ते विदर्भातून आलं असं जुने सर सांगत. आणि आत, जिथे पट्टी असायला हवी तिथे चार भोकं आहेत. पट्टी नाही.

वारा, येताय का?

सुलेखा_दि

अंगावर काटा आला.

बंडू_बुलढाणेकर

वारा, पुढच्या गाडीत बसा. डबा मी देतो.

कातरवेळ

जाऊन आल्याशिवाय धागा सोडू नका कृपया.

सिद्धेश्वर_पेठ

तोवर थोडं अवांतर. मालकीवरून आठवलं, १९३० ला आगाखानांनी एकट्याने इंग्लंड-भारत उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचा स्पार्क प्लगचा प्रश्न होता, जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग दिला. शर्यत अस्पीने जिंकली. पुढे तेच अस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी पुस मॉथमध्ये टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते.

प्रॉपवॉश

आणि १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. आमच्या क्लबातली आम्ही पोरं दिवसभर रेडिओला कान लावून होतो.

वऱ्हाडी_वारा

मंडळी, शनिवारी जाऊन आलो. मामा बरोबर होता. उशिरा लिहितोय, कारण कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं.

इंद्रायणीकाठ ताईंनी शेड उघडून ठेवली होती. पुष्पकचा सांगाडा पाहिला तेव्हा पहिलं वाटलं, केवढासा हा! दोन माणसं खांद्याला खांदा लावूनच बसत असणार. मी पट्टी खिशातून काढली. हात थरथरत होते म्हणून मामाने घेतली आणि भोकांवर धरली.

जुळली नाही. पट्टीची भोकं जवळ, तिथली लांब. उलटसुलट करून पाहिलं, कागदावर छाप घेऊन पाहिला. बोटभर फरक. ताईही गप्प झाल्या. मामा म्हणाला, चल, आपण पाहिलं तर.

निघताना ताईंनी विचारलं, "लॉगबुकं बघायची का? कपाटात आहेत." विमानाचं लॉगबुक नव्हतं, पण इंजिनाचं होतं. निळसर कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले. ग्राउंडक्रू काकांनी लिहिलेलं आठवलं म्हणून मी पहिल्यापासून पानं उलटायला लागलो.

१९७९ सालच्या पानावर दोन नोंदी एकाखाली एक आहेत. पहिलीत इंजिन एका विमानातून उतरवल्याचं लिहिलंय, नोंदणी 'व्हीटी-डी'ने सुरू आणि आर ने संपणारी. कारण : सांगाड्याच्या नळ्या गंजल्या, विमान सेवेतून काढलं. दुसरीत तेच इंजिन आज शेडमध्ये असलेल्या विमानात बसवल्याचं. दोन्हीखाली सही बाबाजींची. त्यांची सही मी बँकेच्या पासबुकावर, माझ्या प्रगतीपुस्तकावर पाहिलीय. 'ग'ची मान लांब काढायचे, तशीच.

घरी येऊन वही काढली. 'रोमिओचं इंजिन उतरवलं. धुऊन दिलं.' तारीख तीच.

लॉगबुकाच्या पहिल्या पानावर मालकाच्या रकान्यात नागरी विमान खात्याचे महासंचालक, नवी दिल्ली, असं आहे. काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

सांगाडा कुठे गेला हे अजून माहीत नाही. मेधाताई, पूर्ण नोंदणी आता हातात आहे, अर्ज सोमवारी टाकतो. पट्टी मी माझ्याकडेच ठेवतोय, सांगाडा सापडेपर्यंत. सुई मात्र ताईंच्या संस्थेला दिली. त्यांची मुलं या सत्रात त्या पुष्पकच्या शेपटीला नव्याने कापड चढवणार आहेत, आणि तशी सुई आता बाजारात सहज मिळत नाही.

नामदेव_गडहिंग्लज

वारा, परवानगी असेल तर हा धागा माझ्या सातवीच्या वर्गाला वाचून दाखवतो.

वऱ्हाडी_वारा

नक्की दाखवा सर.

ग्राउंडक्रू६८

डोळे भरून आले बाळा. एक विचारायचं होतं. ते इंजिन अजून फिरतं का? पात्याला हात लावून ओढलं की अडतं, की दाब जाणवतो?

इंद्रायणीकाठ

काका, मीच सांगते. स्विच बंद करून, गुटके लावून आज सकाळी मुलांकडून ओढून घेतलं. चारही सिलिंडरला दाब आहे.

ग्राउंडक्रू६८

मग शेपटीच्या कापडाच्या वेळी मला बोलवा. डोप कसा लावायचा ते पोरांना दाखवतो. टिचकी मी मारणार.